चौदा-चौदा

चेल्टनहॅम,
१२ ऑक्टोबर २००५

चि. रोवेना हिस एनिडमावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं आणि जीव भांड्यात पडला. ईमेल कर म्हणतेस. बाई गं, महासंघाच्या कचेरीत उमेदीची सगळी वर्षं टंकयंत्रावर बोटं झिजवली, आता जे काही लिहीन ते पेनानं. तूही पेनानंच लिही. नाहीतर पोस्टमन माझं फाटक विसरेल.

काल मुद्दाम वाट वाकडी करून कचेरीवरून गेले. पाटी काढलीय. तिच्या जागी भिंतीवर स्वच्छ चौकोन उरलाय, बाकी भिंत कळकट. चौतीस साली नऊ देशांची माणसं लंडनला एका टेबलाभोवती बसली आणि बॅडमिंटनचा हा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. तेव्हापासून तो इंग्लंडातच होता. मधे तीन वर्षं आशियातल्या बऱ्याच देशांनी वेगळी चूल मांडली होती. एक्याऐंशीत तोक्योला दिलजमाई झाली, तेव्हा मी सगळ्यांना लार्डी केक वाटला होता. तेव्हाच वाटलं होतं की हे बिऱ्हाड एक दिवस तिकडे जाणार. जिथली माणसं खेळासाठी जीव टाकतात तिथं ते गेलं, माझी काही तक्रार नाही. फक्त रस्ता ओकाबोका वाटतो.

तुझी आई परवा येऊन गेली. मार्जरीचं पालुपद तेच, की पोरीला सहा महिने त्या उकाड्यात कशाला धाडली. मी तिला म्हटलं, तिकडच्या नव्या माणसांना काम कोण शिकवणार, तू? मग तिनं माझ्या गुडघ्याचा विषय काढला.

तुझ्या पेटीत आपल्या क्लबाची बॅडमिंटनची फुलं घातली आहेत, संध्याकाळी खेळायला. तिकडे पंचांच्या मंडळात जाणं झालं आणि कुणी पिनांगचे ओई बून लियाँग भेटले, तर काही विचारू नकोस. निकाल पुकारताना ते अजून मान डावीकडे कलती करतात का, एवढंच बघ. सहज म्हणून विचारलं.

जेवणाची आबाळ करू नकोस आणि मावशीला धरून राहा.

तुझी,
एनिडमावशी

❈

क्वालालंपूर,
३० ऑक्टोबर २००५

ती. एनिडमावशीस रोवेनाचा सा. न. वि. वि.

मावशी, तुझ्या फुलांनी माझी शोभा केली. पहिल्याच संध्याकाळी मी ऐटीत डबा उघडला आणि सर्व्हिस केली. फूल कोर्टाच्या मागची रेघ ओलांडून थेट भिंतीवर. पुन्हा तेच. आपल्या गारठ्यात जे फूल रेघेवर पडतं, ते इथल्या गरम हवेत उडतच राहतं हे मला कळायला नको होतं? महासंघाची माणूस म्हणे! ऑफिसातली शरीफा हसून हसून खाली बसली. म्हणाली, तुमच्या फुलाला घरी परत जायचंय वाटतं.

तेवढ्यात कडेला बसलेले एक गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, इस्त्री अशी की बोट कापेल. त्यांनी फूल हातात घेतलं आणि पिसांची टोकं एकेक करून बाहेर वळवली. मग मागच्या रेघेवरून मारलं, ते बरोबर पडायचं तिथं पडलं. म्हणाले की हे थंड हॉलचं फूल आहे. आम्ही उलट करायचो, हिवाळ्यात रॉकेलच्या स्टोव्हपाशी फुलं शेकून घ्यायचो, नाहीतर ती जाळ्यापर्यंतसुद्धा जायची नाहीत. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, चेल्टनहॅमला, चर्चच्या हॉलमध्ये, त्रेसष्टच्या हिवाळ्यात.

मावशी, मान डावीकडे कलते. खूपच कलते.

ते इथं नव्या पंचांना शिकवतात. लेकाकडे राहतात. मी तुझं नाव घेतलं नाही. त्यांनीच विचारलं, त्या हॉलचं छप्पर अजून गळतं का. मी म्हटलं, तो हॉल पाडला. मग ते बराच वेळ तेह तारिक ढवळत बसले, आणि तो चहा आधीच इतका घुसळलेला असतो की ढवळण्यासारखं त्यात काही नसतंच. आता सांग, काय आहे हे? आईला विचारलं असतं, पण तिला विचारलं म्हणजे अख्ख्या ग्लॉस्टरशायरला विचारल्यासारखं.

उत्तराची वाट बघते, माया असू दे.

तुझी,
रोवेना

❈

चेल्टनहॅम,
१३ नोव्हेंबर २००५

चि. रोवेना हिस अनेक आशीर्वाद.

काही नाही, असं लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. मग पाकीट फाडलं. तू लेकीसारखी आहेस, तुझ्याशी लपंडाव कशाला?

ते वूल्व्हरहॅम्प्टनला शिक्षकी शिकायला आले होते. मलायाची पुष्कळ मुलं तेव्हा तिथं यायची. शनिवारी आमच्याकडे पंचांचा वर्ग असायचा, तो करायला ते बसनं यायचे. तो हिवाळा विसरण्यासारखा नव्हता. नळ गोठले, दुधाच्या बाटल्या दारातच फुटल्या. ते उंच खुर्चीवर पंच आणि मी खाली रेघेवर, फूल आत पडलं की बाहेर ते बघायला. मधल्या वेळात दोघं स्टोव्हपाशी फुलं शेकत बसायचो. त्यांना आमची थंडी सोसवायची नाही. बोटं निळी पडायची, पण निकालाचा आवाज कधी कापला नाही.

नाताळात त्यांनी मला सांगितलं की मी त्यांना आवडते. जसा निकाल सांगावा तसं सांगितलं, मान कलती करून. मी गडबडले. मला उत्तर द्यायला फेब्रुवारी उजाडला. मग वसंतभर आम्ही पिटव्हिल बागेत तळ्याला फेऱ्या मारल्या. पुढचं कुणीच बोलेना. इकडे माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिकडे त्यांचे आईवडील त्यांच्या वाटेकडे डोळे लावून.

जुलैत ते निघाले. आपल्या बसस्थानकावर तेव्हा दुपारी शिट्टी वाजली की साऱ्या बसगाड्या एकदम सुटायच्या. त्या शिट्टीआधी ते म्हणाले, "चौदा-चौदा, मिस टकवेल." तुला सांगायला नको, पंधराचा डाव असतो. चौदा-चौदा झाले की पंच विचारतो, सेट करायचा का, म्हणजे डाव आणखी तीन गुणांनी वाढवायचा का. वाढवला की तेव्हा मागचे गुण सोडून पंच पुन्हा शून्यापासून, 'लव्ह ऑल' म्हणून, पुकारायचा. ते ठरवण्याचा हक्क चौदावर जो आधी पोचला त्याचा. आधी ते पोचले होते. आधी ते बोलले होते. म्हणजे विचारायचं त्यांनी. थांबू का, येशील का, पत्र लिहू का, काहीही. मी वाट बघत उभी राहिले. शिट्टी वाजली. त्यांनी टोपी काढली आणि ते बसमध्ये चढले. म्हणजे त्यांना डाव वाढवायचा नव्हता, असा मी अर्थ घेतला. आणखी काय घेणार?

पुढे त्यांचं लग्न झाल्याचं कळलं. माझं राहूनच गेलं, तुझ्या आईला वाटतं माझ्या जिभेमुळे. रोवेना, मी काही रडत बसले नाही. काम केलं, बाग केली, तुला सायकल शिकवली. पण ज्या हिवाळ्यात त्यांची आठवण आली नाही असा एकही हिवाळा गेला नाही. महासंघाच्या टपालात मलेशियाचं तिकीट दिसलं की मी ते पाकीट आधी उघडायची. सगळी पत्रं वर्गणीची असायची.

यातलं अक्षरही त्यांना सांगायचं नाही. मावशीची शपथ आहे.

तब्येत सांभाळ, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
एनिडमावशी

❈

क्वालालंपूर,
१८ डिसेंबर २००५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

शपथ मोडलेली नाही, हे आधीच सांगते. त्यांनी आपणहून सांगितलं, मी नुसती नारळाच्या जॅमचा कायातोस खात होते.

झालं असं. नवी गुणपद्धत येऊ घातली आहे, तुला कळलंच असेल. एकवीसचा डाव, सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक फेरीला गुण. श्री. ओई वर्गात पोरांना ती समजावत होते. म्हणाले की आता चौदा-चौदाला पंच काही विचारणार नाही, डाव वाढवण्याचा हक्कच कायद्यातून जाणार. एवढं बोलले आणि खडू खाली ठेवला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग म्हणाले, आज इथंच थांबू.

चहाला माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, तुझ्या बोलण्यात कुणाची तरी ढब आहे, एनिड टकवेल तुझी कोण? मी कोण ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं की तिच्या वडिलांचे लोकरी हातमोजे होते, तपकिरी, अंगठ्याला रफू केलेले, ते कधी तिनं परत मागितले का. मला कुठलं ठाऊक! तेव्हा म्हणाले, मी वर्गात आलो त्याच्या दुसऱ्या शनिवारी तिनं ते मला दिले, म्हणाली की ठेवून घ्या. आमच्या पिनांगात कुठलीही मुलगी परक्या माणसाला बापाचे मोजे उगाच देत नाही. म्हणजे आधी ती बोलली. मी नाताळापर्यंत धीर गोळा करत होतो. चौदावर आधी ती पोचली होती, हक्क तिचा होता. मी गुण पुकारले आणि तिनं विचारायची वाट बघत राहिलो. तिनं एक शब्द काढला असता तर मी बस सोडून दिली असती.

मावशी, मी तुझ्यावर चिडले आहे आणि त्यांच्यावरही. दोघंही पंच! कोर्टावर खेळायला कुणी उतरलंच नाही.

त्यांच्या पत्नीचं नाव सियू हून, त्या आठ वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्याबद्दल ते फार मायेनं बोलतात. संसार चांगला झाला म्हणाले. तुला पत्र लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. मी पत्ता दिला. शपथ फक्त सांगण्याची होती, पत्त्याची नव्हती.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
रोवेना

❈

क्वालालंपूर,
८ जानेवारी २००६

कु. एनिड टकवेल यांस ओई बून लियाँग याचा स. न. वि. वि.

आपली भाची हुशार आहे आणि बोलते फार, त्यामुळे आपला शोध लावणं मला जड गेलं नाही. आपलं नवं पत्र तिला आलं, तिची शपथ सुटली, आणि आपण मोजे केवळ थंडीसाठी दिले होते असं ती म्हणते. मला चौसष्टाव्या वर्षी हे कळलं. मी लेकाला सांगितलं तर तो इतका हसला की सून स्वयंपाकघरातून धावत आली. ते मोजे माझ्याकडे आहेत. इथं त्यांचा उपयोग शून्य. कसर लागू नये म्हणून दर वर्षी उन्हात घालतो. आधी सियू हूनच ते उन्हात घालायची. कुणाचे आहेत ते तिला माहीत होतं. म्हणायची, बाईला परत तरी पाठवा, तिकडे थंडी असते. मी पाठवले नाहीत.

आता वाद असा आहे की चौदावर आधी कोण पोचलं. आपण म्हणता मी, मी म्हणतो आपण. रेघेवरच्या माणसाला दिसलं नाही आणि पंचालाही सांगता येत नसेल तर काय करायचं, हे आपण एकाच वर्गात शिकलो. लेट द्यायचा. दोष कुणाचाच नाही, ती फेरी झालीच नाही असं धरायचं आणि पुन्हा खेळायचं. माझ्या मते इथं लेट द्यावा. पण एकट्या पंचानं असा निकाल देणं बरं नव्हे, म्हणून आपलं मत विचारतो.

बसच्या खिडकीतून मी मागे पाहिलं होतं. इतक्या बसगाड्या एकदम वळल्या की आपण कुठल्या गाडीमागे गेलात ते दिसलं नाही. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

चुकलं असेल तर पोटात घालावं, आणि ओळख असू द्यावी.

आपला,
बून लियाँग

❈

चेल्टनहॅम,
१९ जानेवारी २००६

श्री. बून लियाँग यांस एनिडचा स. न. वि. वि.

पत्र सकाळी आलं. दुपारपर्यंत मी ते फडताळावर घड्याळामागे ठेवलं आणि दोन वेळा जिना विनाकारण झाडला. मग वाचलं.

लेट मला मान्य नाही. फेरी झालीच नाही असं कसं धरायचं? सियू हून होत्या, तुमचा लेक आहे, त्याची हसरी बायको आहे. माझ्या आईची शेवटची नऊ वर्षं मी तिच्या उशाशी होते. ते पुसून मला पुन्हा खेळायचं नाही, तुम्हालाही नको असेल. तुमचा निकाल मी फिरवते. रेघेवरच्या बाईला दिसत नव्हतं, हेही खोटं. मी गाड्यांमागे कुठंच गेले नव्हते. गाड्या गेल्यावर मोकळ्या फरशीवर तिथंच उभी होते, कारण माझा विचार होता की तुम्ही पुढच्या वळणावर उतराल.

मोज्यांचं तुम्ही म्हणता तेच खरं. मी इतकी वर्षं स्वतःला थंडीचं कारण सांगत आले. पण वर्गात कुडकुडणारे आणखी चार जण होते, त्यांना मी काही दिलं नाही. वडील त्या हिवाळ्यात खिशात हात घालून कामाला गेले आणि मी चकार शब्द काढला नाही. म्हणजे चौदावर आधी मी पोचले होते. हक्क माझा होता आणि मी तो वापरला नाही.

रोवेना लिहिते की हा हक्क कायद्यातून जायला अजून थोडा अवकाश आहे. तेव्हा जुन्या कायद्याप्रमाणे, उशिरा का होईना, मी म्हणते: सेट. तीनपर्यंत. मार्चमध्ये रोवेना परतेल, त्याआधी तीन आठवडे मी तिच्याकडे येते आहे. मार्जरीनं गुडघ्याचा विषय काढला, मी म्हटलं गुडघाही येतोय. सेट मागितल्यावर समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही पोरांना शिकवताच.

विमानतळावर येणार असाल तर मोजे आणू नका, लोक हसतील. नुसते या. आणि आपल्या वेळी डाव सेट झाला की मागचे सगळे गुण सोडून पंच पुन्हा काय पुकारायचा, ते आठवत असेल तर मान कलती करून एकदा मोठ्यानं म्हणा. मी ऐकेन.

तिनाचे तीस झाले तरी हरकत नसलेली,
एनिड