पीठ चाललं असतं

४ फेब्रुवारी

ति. काकांस,
लवंगीचा वाकून नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुमचे गुडघे काय म्हणतात? ताई लेकीच्या हक्काने तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं. बरं करते.

माझी बातमी अर्धीच गोड आहे. पावाच्या मोठ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत झाली. भट्टी, यीस्ट, मैदा असलं विचारतील म्हणून घोकून गेले, तर त्यातलं एक अक्षर नाही! चष्मेवाल्या बाई सारख्या म्हणत होत्या, अशी एखादी वेळ सांगा जेव्हा माणसं कमी होती, अशी वेळ सांगा जेव्हा घाई होती. तिथवर गाडी नीट चालली. मग म्हणाल्या, वरिष्ठांशी तुमचं पटलं नाही अशी वेळ सांगा.

काका, शाळा सुटल्यापासून मी तुमच्याच बेकरीत. माझे वरिष्ठ म्हणजे तुम्ही. आणि दुकानातलं भांडण दुकानाबाहेर न्यायचं नाही, हा नियमही तुमचाच. तोंड वर करून सांगून टाकलं, की आमचं कधी वाजलंच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही का, असं त्यांनी विचारलं. मी आपली नाहीवर ठाम. निघताना बिचाऱ्यांनी चांगुलपणाने सांगितलं की महिनाअखेरीस शेवटची फेरी आहे, हाच प्रश्न पुन्हा येईल, या वेळी खरं उत्तर घेऊन या.

आता काय करू? एखादं खोटं भांडण रचू? तुम्ही दुकान बंद केल्यापासून माझे हात नुसते शिवशिवतात. ही नोकरी मला हवी आहे, फार हवी आहे. काहीतरी सुचवा. लोभ पूर्वीसारखाच असू द्या, ओरडण्यासकट.

तुमची
लवंगी

११ फेब्रुवारी

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

आपलं कधी वाजलं नाही? अगं, समोरचा शिंपी आपलं भांडण ऐकायला मशीन थांबवायचा! ताईला पत्र वाचून दाखवलं, तर हसता हसता तिला ठसका लागला. तो नियम गिऱ्हाइकांपुरता होता, बये. तुझ्या पोटावर पाय यावा म्हणून नव्हता.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारचं सांग. वीज गेलेली, पीठ आंबून टोपाबाहेर आलेलं, वसतिगृहाची ऑर्डर डोक्यावर. मी म्हटलं भाज, तू म्हणालीस हा पाव मी भाजणार नाही. मग मी, दुकान कोणाचं आहे, ते सुरू केलं. पुढचं तुला ठाऊक आहे. आणि नीट ऐक, पीठ चाललं असतं, हे माझं मत आजही आहे. तेही सांग.

ताई तिच्या ऑफिसात मुलाखती घेते. ती म्हणते, आधी प्रसंग सांग, मग तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू स्वतः काय केलंस आणि शेवटी काय झालं. मला हेकट म्हणालीस तरी चालेल, पण देवमाणूस करू नकोस, कोणाला पटायचं नाही. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, चष्मा लावून समोर बसव आणि मोठ्याने बोलायचा सराव कर. मनातल्या मनात सगळेच हुशार असतात.

तुझा
काका

२८ फेब्रुवारी

ति. काकांस,
नमस्कार, आज जरा जास्तच वाकून.

सांगितलं, सगळं सांगितलं! तुमचे जावई रोज चष्मा लावून बसायचे आणि भलतेच प्रश्न काढायचे. त्याचा फायदा झाला. तुम्ही ओरडलात, मी ॲप्रन काढून फेकला, इथपर्यंत आले. घरचं माणूस चव्हाट्यावर मांडतेय असं वाटलं. पण मग तुमचा धपाटा आठवला.

सांगितलं की मी वाद थांबवला, त्या पिठाचा एकच छोटा पाव भाजला आणि तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तुम्ही तो आंबट पाव शेवटच्या घासापर्यंत खाल्लात, बरा आहे म्हणालात, आणि उठून वसतिगृहाला पाव उशिरा येतील असा स्वतः फोन केलात. मग दोघांनी मिळून नवं पीठ मळलं.

बाईंचे साहेबही होते. त्यांनी विचारलं, आज ते काका काय म्हणतील? मी म्हटलं, पीठ चाललं असतं. दोघंही खो खो हसले. तुमचा नंबर घेतलाय. फोन आला तर जरा सांभाळून बोला हं, पाया पडते.

तुमची
लवंगी

५ मार्च

चि. लवंगीस आशीर्वाद.

फोन आला. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून ताई शेजारी बसून प्रश्न ओरडून सांगत होती. काय बोललो ते विचारू नकोस. दुकानातलं बाहेर जात नाही. निकाल लागला की कळव, मला घास गोड लागत नाही.

तुझा
काका

१२ मार्च

ति. काकांस,
तुमच्या लवंगीचा नमस्कार.

नोकरी मिळाली! सोमवारपासून पहाटेची शिफ्ट, हाताखाली नऊ माणसं. पत्र वाचताना ताईला शेजारी बसवा, तुमचा आवाज गेला तर ती पुढे वाचेल.

तुम्ही लपवलंत, पण सह्या करताना बाईंनी मला सगळं सांगितलं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, पुन्हा वेळ आली तर हिला कामावर ठेवाल का? तुम्ही म्हणालात म्हणे, मी तिला ठेवायचे दिवस गेले, आता ती मला ठेवून घेईल का, ते तिलाच विचारून बघा. मी त्यांच्यासमोरच रडले. सही वाकडी आली.

काका, जागा आहे. गुडघे बरे झाले की या, स्टूल देईन बसायला. फक्त पीठ भट्टीत कधी घालायचं, ते मी सांगेन.

तुमची
सुपरवायझर