बुनीने सोया सॉस वाटून टाकला

गोहंग, २१ नोव्हेंबर

चि. चांगबे यास,

ताईचे आशीर्वाद. माझ्या भावजयीचा, योंगजाचा, गुडघा आता जिना चढू देतो का? तुझ्या थोरल्याचं पित्त कसं आहे, की अजून उपाशीपोटी कॉफी ढोसतो? नातीला, सोराला, दात आले असतील. तुमच्या वरच्या मजल्यावरची म्हातारी अजून भिंतीशी भांडते का? इकडे माझी कंबर कुरकुरते, पण कोबी खारवून झाले. यंदा किमची जरा तिखट झाली आहे. तुमचा डबा भरून ठेवला आहे.

शेजारची बुनी तुला आठवत असेल. वसंतात तिचा नवरा गेला. मागच्या आठवड्यात ती हसतमुखाने दारात आली, हातात बरणी. आत तिच्या सासूच्या वेळचा सोया सॉस. म्हणाली, "अक्का, तुझ्या सारात घाल. मला एकटीला असा किती लागतोय?"

दर वर्षी नव्या सॉसमध्ये हा जुना आपण विरजणासारखा ओततो. सासरी जाणाऱ्या लेकीलासुद्धा आई वाटीभरच देते. बुनीने घरोघर दिला. आम्ही बायकांनी बरण्या पुढे केल्या आणि म्हटलं, चला, सावरली एकदाची.

संध्याकाळी सार चाखलं आणि चमचा खाली ठेवला. ज्या बाईला पुढच्या वर्षी सॉस लावायचा आहे, ती आपला हंडा असा कोरडा करत नाही.

बरणी घेऊन तशीच परत गेले. सवयीने विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले."

आपल्याकडे विचारावं तो जेवलेलाच असतो. शेगडी थंडगार होती. मग सरळ विचारलं, "बुनी, मरायचं मनात घेतलंयस का?"

ती फडक्याने हंडा पुसत राहिली. मान वर न करता म्हणाली, "कोणाला सांगू नकोस."

"सांगणार."

"चोंबडी आहेस, अक्का."

"आहेच. ऊठ, पांघरूण घे. आजपासून माझ्याकडे झोपायचं."

दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सबाईंना मी म्हटलं, असं तोंडावर विचारायला नको होतं की काय. त्या म्हणाल्या, "आजी, विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आत असला तर बाहेर येतो." बुनीला औषध सुरू झालंय. तिच्या लेकाला कळवलं, तो येऊन गेला. ती माझ्याकडेच आहे, घोरते आणि माझ्या किमचीत मीठ कमी म्हणून नाक मुरडते. मधेच रडते, तेव्हा मी शेजारी बसून लसूण सोलते. बरी झाली असं काही मी म्हणणार नाही.

आता तुझं.

सोमवारी तुझं पार्सल आलं. बाबांच्या श्राद्धाची पितळी भांडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि चिठ्ठी: "ताई, तुझ्याकडे नीट राहतील." घरातला थोरला मुलगा तू. दुसऱ्या घरी दिलेल्या बहिणीकडे ही भांडी कोणी पाठवतं का? आधी वाटलं, फ्लॅटमध्ये जागा पुरत नसेल. घासून फळीवर लावलीसुद्धा. फोन केला तर "बरा आहे" म्हणालास आणि लगेच योंगजाच्या हाती दिलास. कारखाना सुटल्यापासून तुझं "बरा आहे" एकाच सुरात येतं. बुनीची एवढी हकिगत कशाला लिहिली, ते कळलं असेल.

चांगबे, मरायचा विचार येतो का तुला? येत असेल तर हो लिही. मी छाती पिटणार नाही, उपदेशही करणार नाही. योंगजाला आजच फोन करून सगळं सांगते. तोवर एकटा राहू नकोस. राग आला तर माझ्यावर काढ. शनिवारच्या बसने मी भांडी घेऊन इंचॉनला येते. तेवढे दिवस बुनीजवळ शेजारणी झोपतील. श्राद्ध तुझ्याच घरी व्हायचं, तुझ्या हातून.

मी येणारच आहे म्हणून उत्तर टाळू नकोस. तोंडावर तू लहानपणीही कधी चार शब्द बोलला नाहीस, पण फौजेत गेलास तेव्हा पानंच्या पानं लिहायचास. मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. तुझी पत्रं परक्याकडून वाचून घ्यायला नको वाटायचं, म्हणून मी एकटीनेच अक्षरं गिरवली. अजून वाचता येतं. लगेच लिही.

तुझी
मालसुनताई