भिंतीवरचा तीस अंशाचा कोन

१४ एप्रिल
गच्चीवरची खोली बांधून झाली. मुलगी सायली पुढच्या आठवड्यात पहिल्या बाळंतपणाला येणार. खालच्या एका खोलीत भागणार नव्हतं. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारा, असं करीम मिस्त्री बजावून गेले. वाळायची वस्तू ओली ठेवायची! एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी. शिवाय नळाला पाणी आठवड्यातून एकदा.

१७ एप्रिल
बायकोनं, सुलेखानं विचारलं, पाणी मारता ना? हो म्हणालो. (तत्त्वतः.)

१९ एप्रिल, सकाळी ७.१०
खिडकीजवळ तिरकी चीर. कोनमापक लावला. बरोब्बर तीस अंश! अंगावर काटा आला. आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमान मागं हवेच्या धक्क्याचा शंकू सोडतं. वेग दुप्पट, तर कोन तीस. विमानतळ चिकलठाण्यात, आम्हीही चिकलठाण्यात. लढाऊ विमानं गुपचूप जाताहेत.

सुलेखा म्हणाली, अहो, मग आवाज कसा नाही आला? तू मिक्सर लावला होतास, म्हणालो.

२१ एप्रिल
दुसरी चीर. नव्वद अंश. म्हणजे वेग आवाजाइतकाच. पायलट दमला असावा.

२२ एप्रिल
तिसरी चीर आडवी! शून्य अंश, म्हणजे वेग अनंत. गणित दोनदा तपासलं. चूक नाही. आइनस्टाइनला वाईट वाटेल, पण इलाज नाही. संशोधनाचा पेपर लिहायला घेतला. पाणी उद्या नक्की.

२३ एप्रिल
करीम मिस्त्री आले. चिरेत बोट घातलं तर सिमेंटचा माल वाळूसारखा गळाला. सर, पाणी नाय मारलं व्हय, म्हणाले. मी शंकू काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, इमान गेलं असंल सर, पण सगळी गल्ली सोडून तुमच्याच भिंतीवरून कसं गेलं? अगदी इमानदारीनं विचारलं त्यांनी. मी विषय बदलला. त्यांनी तळहातानं भिंत जरा ढकलली.

भिंत गेली.

२४ एप्रिल
सायलीचा फोन. आईनं सगळं सांगितलेलं. रागावली नाही. बाबा, राहू द्या, सासूबाई करतील माझं, मी इथंच बरी, म्हणाली. मी पेपरबद्दल सांगायला लागलो आणि कागद मिटून ठेवला. पोरीनं दोनच गोष्टी मागितल्या होत्या, एक खोली आणि आई.

सुलेखा डिंकाचे लाडू डब्यात भरून जालन्याच्या बसनं सायलीकडे एकटीच गेली.