नवे पेन पहिल्याच दिवशी सुरेख चालल्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
बनावट वस्तू तपासणी कक्ष,
ग्राहक तक्रार कार्यालय.

विषय: नवे म्हणून खरेदी केलेले फाउंटन पेन अस्सल आहे किंवा कसे, याची तपासणी होणेबाबत.

संदर्भ: आपल्या खिडकीवरील लिपिकांचा तोंडी शेरा: "पेन चांगलं चालतंय ना? मग तक्रार कसली?"

महोदय,

सविनय सादर करतो की, लिपिकांचा शेरा रास्त आहे. पेन चांगले चालते. तक्रार तीच आहे.

१. अर्जदार शाळा-महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांवर हाताने नावे लिहून पोट भरतो. अर्जदार डावखुरा आहे. उजव्या हाताचा माणूस निब ओढत नेतो, डावखुऱ्याला ती ढकलत न्यावी लागते. त्यामुळे कोरी निब कागदात रुतते, शाई शिंतडते, आणि ती हाताला बसायला महिनेच्या महिने जातात. अर्जदाराचे जुने पेन शाळेपासूनचे होते. गुरुजी डाव्या हातावर पट्टी मारीत, तेव्हा थोरल्या भावाने ते आणून दिले आणि म्हणाला, "याच हाताने लिही, बघतो कोण मारतं." वर्गात कोणी ढापू नये म्हणून त्याने निबेवर ब्लेडने बारीक रेघही ओढली होती. दादा आता हयात नाही.

२. सदर पेन खुर्चीच्या पायाखाली येऊन चिरडल्याने शाईभाऊंकडे दुरुस्तीस दिले. शाईभाऊ म्हणजे चौकातील पेनविक्रेते व अर्जदाराचे जिवलग मित्र. संध्याकाळचा चहा रोज त्यांच्याच काउंटरवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवली. "गेलं रे. काही उरलं नाही त्यात." अर्जदार तिथेच हुंदके देऊन रडला. शाईभाऊंनी पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला, आणि पुढच्या आठवड्यात दुसरे पेन समोर ठेवले. "एकदम कोरं आहे. खोक्यातून आत्ता काढलंय."

३. घरी येऊन लिहिले, तर पेन पहिल्याच नावाला कुठे अडले नाही की शिंतडले नाही. अर्जदार हरखला. सौभाग्यवती म्हणाली, "पहिल्याच दिवशी? माझ्याशी जुळवून घेताना तर तुमचं अर्धं आयुष्य गेलं!" अर्जदार हसला, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. भिंग काढून पाहिले. निबेवर ब्लेडची रेघ होती.

४. विचारणा केली असता शाईभाऊ म्हणाले, "नळी, टोपण, सगळं कोरंच आहे की. निब तेवढी तुझी घातली, तेव्हाच काढून खणात ठेवली होती. आधी सांगितलं असतं, तर रोज येऊन डोकं खाल्लं असतंस, पहिल्यासारखं चालत नाही म्हणून." महोदय, खाल्ले असते. मान्य आहे. किंमत पुऱ्या पेनाची घेतली, तीही मी सोडून देतो. पण मी रडत होतो तेव्हा ती निब त्यांच्या खणात होती. मला पाणी देताना त्यांची कोपरे त्याच खणावर टेकली होती. केसाने गळा कापणे यालाच म्हणतात ना? तेव्हापासून चहा बंद आहे. मी चौक टाळून लांबच्या रस्त्याने जातो.

५. सबब, पेन अस्सल की बनावट, ते एकदा लेखी ठरवून मिळावे. अस्सल ठरल्यास, दादासाठी मला पुन्हा एकदा का रडवले, याचा खुलासा मागवावा. बनावट ठरल्यास शाईभाऊंना दंड करू नये, परवान्यालाही हात लावू नये. त्यांच्याइतकी निब इथे कोणाला कळत नाही. फक्त त्यांना आपल्या टेबलासमोर उभे करून "गेलं रे" हे शब्द परत घ्यायला लावावेत. मी बाहेर बाकावर बसून ऐकेन. आत येणार नाही, कारण त्यांचा चेहरा पाहिला तर मी तक्रार मागे घेईन.

आपला नम्र व फसलेला,
(डाव्या हाताची सही)
अर्जदार

दिनांक: चालू महिन्याची चौदा तारीख

सोबत:
१. पेनाचे खोके (रिकामे).
२. पेनाचे टोपण. हे खरोखरच नवे आहे.
३. पेन जोडलेले नाही. पुरावा म्हणून ते जमा करावे लागेल, असे खिडकीवर सांगण्यात आले. क्षमा असावी. एकदा विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले होते.