दुपारी दोनची बारी

वडनेर भोलजी, ता. नांदुरा
गुरुवार, सकाळी नऊ

श्री. शेषराव भाऊ यांच्या सेवेशी,
मुक्काम साखरखेर्डा

वामनरावाचा रामराम स्वीकारावा. आपण वयाने माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, परंतु माझ्या पत्नीचे थोरले बंधू असल्यामुळे मानाने वडील. तेव्हा कोणी कोणास वाकून नमस्कार करावा हा प्रश्न लग्नापासून अनिर्णित आहे, तो तसाच ठेवून पुढे जातो. आपला उजवा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि नव्या म्हशीचा स्वभाव ही तिन्ही आता ताळ्यावर आली असावीत अशी आशा करतो. आमच्याकडील कुशल कळवावे, तर आपली भगिनी सौ. गोजरबाई सोमवारी सकाळच्या खामगाव गाडीने निघून आपल्याकडे पोहोचलेली असल्यामुळे आमच्याकडील निम्मे कुशल सध्या आपल्याच ओसरीवर बसलेले आहे. उरलेले निम्मे चार दिवस खिचडी खात आहे.

हे सर्व फोनवरून सांगता आले असते, परंतु माझा आवाज ओळखताच ती फोन बंद करते (तो फोन मीच घेऊन दिलेला आहे). तिने आपणास तिची बाजू सांगितलीच असेल, ती अशी, की मी तिची मालिका शेवटच्या आठवड्यात बंद पाडली. ही बाजू खोटी नाही, अपुरी आहे. मालिकेचा शेवटचा भाग येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता आहे. एस. टी.च्या पायरीवर उभी राहून, चार माणसे ऐकत असताना, ती मला म्हणाली, “दोन गोष्टी झाल्याशिवाय मी येत नाही. नाही त मंग दिवाळीलेच पाहू.” पहिली गोष्ट, घरचे केबल पुन्हा सुरू व्हावे. दुसरी गोष्ट क्षुल्लक असल्यामुळे येथे लिहीत नाही.

आता मूळ विषय, म्हणजे केबल कंपनी. आपल्या गावी काय आहे ते मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे पूर्वी बिलालचे वडील हा धंदा करीत. बांबूवरून काळी वायर येई, महिन्याला शंभर रुपये द्यायचे आणि जे दिसेल ते पाहायचे. वारा सुटला की काहीच दिसत नसे, परंतु न दिसण्याचे वेगळे पैसे नसत. गेल्या मार्गशीर्षात बिलाल एक छापील कागद घेऊन आला. त्यावर तीन पॅकेजे होती : परिवार, परिवार प्लस आणि महापरिवार. आमच्या घरी माणसे दोन. मी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला (असे करणारा गावात मी पहिलाच, हे बिलालचे शब्द आहेत, मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे आणि ती त्या काळची चौथी आहे हे त्यास ठाऊक नसावे). त्यात असे निघाले की मोफत वाहिन्यांचे एकशे तीस रुपये. मी बोट ठेवून पुन्हा वाचले. मोफत, आणि एकशे तीस. शिवाय त्यावर अठरा टक्के कर. बिलाल म्हणाला, “आबा, वाहिन्या फुकटच हायेत. हे पैसे त्या तुमच्या घरापर्यंत आणायचे.” म्हणजे यजमानाने जेवण फुकट म्हणावे आणि ताटापासून तोंडापर्यंतचे भाडे घ्यावे, असा हा व्यवहार.

सौ.स लागणारी वाहिनी एकच. ती सुटी घेतली तर एकोणीस रुपये, आणि तिच्यासह अकरा वाहिन्यांचा गुच्छ घेतला तर पंचवीस. त्या अकरांत एक समुद्रातील माशांची होती (आमच्या नदीला संक्रांतीनंतर गुडघाभरही पाणी नसते), दोन लहान मुलांच्या (आमच्या घरातील सर्वांत लहान व्यक्ती अडुसष्ट वर्षांची असून सध्या आपल्याकडे आहे) आणि एक ओडिया भाषेतील, जिच्यातील बाईकडे जुन्या वायरीवर एकदा पाहून गोजरबाई म्हणाली होती की बाई गुणाची दिसते, बोलते काय ते समजत नाही. मी आठवडी बाजारात पाव किलो भेंडी मागितली तर बाजारातील बाई माझ्या पिशवीत अकरा किलो कारली कोंबीत नाही. उलट न मागता वरून चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते. मी बिलालला सांगितले, तुमच्या धंद्यात वरून टाकण्याची रीत असेल तर हवामानाची एक वाहिनी वरून टाक. तो हसला. गिऱ्हाईकास हसू नये हे त्याच्या वडिलांना कळत होते.

आणि एवढे मोजून पाहायचे काय, तर मालिका! त्या अन्नपूर्णेच्या सासऱ्याचे मृत्युपत्र सात महिन्यांपासून तांदळाच्या कोठीत पडून आहे. घरात माणसे चौदा, रोज दोन्ही वेळा भात शिजतो, तरी कोठीचा तळ कोणास दिसत नाही. धाकटा दीर तिला घराबाहेर काढण्यास टपलेला, आणि ही बाई, जिच्या हाती कोठीची किल्ली आहे, ती देवापुढे रडते. (हे मी ऐकून आहे.)

असो. अशा लुबाडणुकीपुढे मान तुकवणे माझ्या स्वभावात नसल्यामुळे मी उपाय काढला. आमच्या खालच्या शेतातील विहीर चार हिश्श्यांची आहे हे आपण जाणता. एक मोटार, एक मीटर, चार शेते आणि प्रत्येकाची ओलिताची बारी ठरलेली. चाळीस वर्षांत बारीवरून भांडण नाही (डोके एकदाच फुटले, तेही बैलावरून). मग एक विहीर चार शेते भिजवत असेल, तर केबलची एक पेटी चार घरांत का दिसू नये? डावीकडे गुलजार शिंपी व त्याची पत्नी नूरजहां, उजवीकडे जनकाबाई, मागच्या बाजूस गोविंदा, अशा तिघांस मी ओट्यावर बोलावून ही योजना समजावली. सर्वांस ती पटली. गुलजारने स्वतः माळवदावरून वायरी ओढल्या. पेटी आणि रिमोट माझ्याकडे राहील असे ठरले, कारण मी वयाने मोठा आणि घड्याळ माझ्याकडेच बरोबर असते. मी शाईने बारीपत्रक लिहून चारही दारांवर लावले. पहाटे जनकाबाईंची भक्तिगीते, सकाळी नूरजहांची जुनी गाणी, दुपारी दोन ते तीन वामनराव (शेतीविषयक माहिती व बाजारभाव), तीन ते पाच गोविंदाचे क्रिकेट, पाचला पुन्हा जनकाबाई, सात ते साडेसात सौ. गोजरबाई. अक्षर असे होते की तलाठी थांबून वाचून गेला.

विहिरीत आणि पेटीत एक फरक आहे, तो मला नंतर कळला. विहिरीवर दुसऱ्याची बारी असताना आपले शेत कोरडे राहते. पेटीत दुसऱ्याची बारी असली तरी ती आपल्या घरात दिसतेच. गुलजारला भल्या पहाटे भक्तिगीते आणि जनकाबाईंना भर दुपारी षटकार. तरीही शिस्त मी ढळू दिली नाही. एकदा पाचच्या ठोक्याला मी क्रिकेट बंद करून भजन लावले, तर गोविंदा नुसत्या बनियानवर धावत आला. “आबा, एक ओवर राह्यली हो! सहा चेंडू!” मी त्यास शांतपणे विचारले की तुझी बारी संपल्यावर एक सरी राहिली म्हणून मी कधी मोटार चालू ठेवली काय? तो परत फिरला. जाताना काही पुटपुटला, ते मी बारीपत्रकात नमूद केलेले नाही.

अशा रीतीने दोन महिने सुरळीत गेले, आणि पेटीत बिघाड सुरू झाला. दुपारी दोन वाजता मी बाजारभाव लावले की पेटी आपोआप त्या मालिकेच्या पुनःप्रक्षेपणावर जाऊन स्थिर होत असे. रविवारी होत नसे (रविवारी पुनःप्रक्षेपण नसते). या बिघाडाचा बोभाटा जनकाबाईंनी केला. पिठाच्या गिरणीत त्यांनी गोजरबाईला विचारले, “काय वो, तुले रातचं पाहून पोट भरत नाही? दुपारी पुन्हा तेच?” आता गोजरबाई दुपारी दोनला हरभऱ्यात असते. तिने पिठाचा डबा उचलला. दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी ती दारात उभी होती आणि तिच्यामागे जनकाबाई. पडद्यावर दीर अन्नपूर्णेचे गाठोडे अंगणात फेकत होता. मी उपरण्याने डोळे पुसत होतो.

“काऊन, डोयात काय गेलं?” गोजरबाई म्हणाली.

कचरा गेला असे मी सांगितले.

“दोन्ही डोयात?”

मी पेटीचा बिघाड समजावून सांगितला. त्यावर जनकाबाई मध्येच म्हणाल्या, “अन् आवाजही पेटीनंच कमी केला काय, भाऊजी? माह्या घरी त ते बाई ठणाणा रडून राह्यली!” (माझ्या संचाचा आवाज बारीक होता हे खरे, परंतु इतर तीन घरांचे संच माझ्या ताब्यात नाहीत, ही या योजनेतील दुसरी उणीव.)

भाऊ, मी पस्तीस वर्षे या घरात मालिकांविरुद्ध बोलत आलो आहे. दिलेला शब्द मागे घेण्याची मला सवय नाही. बिघाड म्हटले की बिघाड. आणि बिघाड असेल तर तक्रार केलीच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील बिघाड नव्हता. म्हणून मी त्याच दिवशी बिलालच्या दुकानी लेखी तक्रार दिली : “सदर पेटी दररोज दुपारी दोन वाजता ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध कौटुंबिक मालिका दाखवते, तरी तात्काळ दुरुस्ती व्हावी.” कंपनीची तत्परता पाहा. महिनाभर चित्र थरथरत होते तेव्हा कोणी आले नाही, आणि या तक्रारीवर बिलाल दुसऱ्या सकाळी हजर. त्याने पेटी उघडली, बंद केली, मग वायर धरून माळवदावर गेला. वर त्याची पावले तिन्ही बाजूंना फिरलेली ऐकू आली. मग कठड्यावरून खाली वाकून म्हणाला, “आबा, तुमची पेटी चांगली हाय. पण तिले तीन पोरं झाले, ते नाही सांगितलं तुम्ही.”

त्याने वायरी कापल्या आणि चारही घरांचे पडदे त्याच क्षणी अंधारले. तो शनिवार होता, आणि सोमवारपासून मालिकेचा शेवटचा आठवडा. प्रत्येक घराने स्वतंत्र पेटी घ्यावी, नाहीतर काहीच मिळणार नाही, असे बिलाल सांगून गेला. गोविंदा मला ओट्यावर म्हणाला, “चोरानं ठाण्यात जाऊन कुलूप कच्चं होतं म्हणून तक्रार करावी, तसं केलं आबा तुम्ही.” मी उठून आत गेलो. गोजरबाईने मात्र मला एकच विचारले, की अजूनही पेटीच बिघडली होती काय? मी होय म्हणालो. तिने ट्रंकेतून पिशवी काढली.

यात माझी चूक कोठे आहे हे आपणच, निःपक्षपातीपणे, सांगावे. जी कंपनी मोफत वस्तूचे पैसे घेते, भेंडीसोबत कारली विकते आणि प्रामाणिक ग्राहकाच्या तक्रारीचा त्याच्याच विरुद्ध उपयोग करते, तिला एक रुपयाही देणार नाही असे मी चावडीवर जाहीर केलेले आहे. एका मालिकेपायी पतीचे घर सोडून भावाकडे जाऊन बसणे अडुसष्टाव्या वर्षी शोभते काय, हे आपण वडीलकीच्या नात्याने तिला विचारावे. म्हशीला सांभाळावे, वहिनींस नमस्कार सांगावा.

आपला,
वामनराव

ता. क. : हे पत्र टपालाने रविवारनंतर पोहोचेल, म्हणून गुलजारच्या हाती देत आहे. तो नात्यातील लग्नासाठी उद्या साखरखेर्ड्यास येत असून शनिवारी परतेल. गाडीत एक जागा रिकामी आहे. मी ठेवण्यास सांगितलेले नाही, तो स्वतःच म्हणाला, “आबा, येताना एक जागा राहू देतो.”

दुसरे ता. क. : काल सायंकाळी बिलाल येऊन पेटी जोडून गेला. महापरिवार घेतले आहे. चावडीवर अजून कोणास माहीत नाही, बिलालनेही न बोलण्याचे कबूल केले आहे (त्याचे वडीलही असेच समंजस होते). ओडिया वाहिनी त्यात आहे. तिला ती बाई आवडली होती.

तिसरे ता. क. : वर लिहिलेली दुसरी गोष्ट. ही ओळ आपण तिला वाचून दाखवावी, वहिनी स्वयंपाकघरात असताना. पेटी निर्दोष होती. रिमोट माझ्या हातात होता. कचरा एकाही डोळ्यात नव्हता.

चौथे ता. क. : सोमवारपासूनचे भाग तिने आपल्याकडे पाहिले असतील. मृत्युपत्र सापडले काय ते तिने गाडीत गुलजारला सांगू नये. घरी आल्यावर मला सांगावे. जुने बारीपत्रक मी दारावरून काढून टाकले आहे. नवे एकाच दारापुरते असल्यामुळे दोनच ओळींचे आहे, ते येथे उतरवतो :

सायंकाळी ७ ते ७.३० : सौ. गोजरबाई.
दुपारी २ ते २.३० : सौ. गोजरबाई व वामनराव, सामायिक.