पंचांगाचा अर्धा तास

३० ऑक्टो. २००६
सकाळी सकाळी धक्का. माझं पंचांगाचं पॅकेज, तिथी नि सूर्योदय सांगणारा प्रोग्राम, लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीतून काढणार म्हणे. मेल आलीय. ते बिल्ड करायला खगोलाची आकडेमोड करणारी जी तयार कोडची लायब्ररी लागते, ती आता कुणीच सांभाळत नाही. नवी जोडा, नाहीतर रामराम. इतकी वर्षं पोरासारखं सांभाळलं, आणि हे असं?

२ नोव्हें.
जुनी काढली, नवी बसवली. रडतखडत बिल्ड झालं. नवीला टाइमझोन मिनिटांत द्यावा लागतो. जुनीचा कोड उघडून बघते तर तिथे फक्त पूर्ण तास! आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, ती धरायची पाच. सूर्योदय चुकायचा म्हणून त्याला मी तेव्हा अर्ध्या तासाचं ठिगळ लावलं होतं. तिथीला लावायचं सुचलंच नाही. आधी हसूच आलं.

४ नोव्हें.
हसू पळालं. चाचणी म्हणून अण्णांची वेळ घातली, ते गेले त्या पहाटेची. अष्टमी आली. पुन्हा घातली. अष्टमीच. अण्णांचं श्राद्ध आम्ही नवमीला करतो. ती तिथी याच पॅकेजातून मीच काढून दिली होती. गुरुजी म्हणाले होते, "कॉम्प्युटर कशाला चुकेल?" नेमक्या त्याच अर्ध्या तासात तिथी बदलत होती.

६ नोव्हें.
वाचनालयात त्या वर्षीचं छापील पंचांग मिळालं. अष्टमीच.
दादाला मनमाडला फोन केला. "आईला बोलू नको. भाव असला की झालं. श्राद्धाला मी येत्या सोमवारी येतोच आहे." रेल्वेतला माणूस, गाडी लेट झाली तरी त्याला ती गाडीच. पण आईचं काय? वर्षातून तो एक दिवस ती अण्णांना जेवायला घालते.

९ नोव्हें.
राहवेना. आईला सांगितलं. मेथी निवडत होती, हात थांबले. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "म्हणजे दरवर्षी ते आदल्या दिवशी येऊन उपाशी गेले?"
मी तिच्यासमोरची जुडी ओढून निवडायला घेतली.
मग म्हणाली, "पण गच्चीत पान ठेवलं की कावळा लगेच शिवायचा गं. तो कोण होता मग?"


१० नोव्हें.
पॅकेज पाठवून दिलं. लिनक्समध्ये राहिलं एकदाचं. आनंद वगैरे काही नाही.
आई म्हणाली, "रविवारी अष्टमी, सोमवारी नवमी. दोन्ही दिवस स्वयंपाक करते. गुरुजींना कळवू नको."
म्हटलं, रविवारी दादा नाही. पान कोण ठेवणार?
"तू ठेव."
मुलींनी या कामात लुडबुडायचं नाही, हे हिनेच शिकवलेलं. अण्णा गेले तेव्हा मला घाटावर येऊ दिलं नाही, तेही हिनेच.
"दादाला विचारू का?" म्हटलं.
"त्याला कशाला?" आणि आत गेली.
मी अजून हो म्हटलेलं नाही.