फोनमधलं पुस्तक आणि पिशवीतलं पुस्तक

यूनियर,

मी पावाच्या रांगेत उभी राहायला चाललेय. काळा घेवडा आणि भात झाकून ठेवलाय, वीज जायच्या आत गरम करून घे.

बाबांचं ते आपल्या शेवरले गाडीच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक. तू त्याच्या पानन्पानाचे फोटो काढून माझ्या फोनमध्ये भरलेस. वर म्हणालास, "ताई, कागदाला वाळवी लागते, फोनवर अक्षर मोठं करून बघता येतं." अरे, वीज गेली की फोनचा नुसता डबा होतो, हे तुला मी सांगायला हवं? मला कधी पान्याला हात लावू दिला नाहीस, आणि आता बॉनेट उघडून रोज शिकवत बसतोस! इतका गोड तू कधीच नव्हतास. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आज धुण्याचे कपडे शोधताना तुझ्या पलंगाखालची पिशवी ओढली. आत नवे बूट, लोकरी कोट आणि टॉवेलात गुंडाळलेलं बाबांचं पुस्तक. आपल्या सिएनफुएगोसच्या उकाड्यात लोकरी कोट कुणाला लागतो रे?

पुस्तक होतं तसंच ठेवलंय. फक्त तुझ्या फोटोंत बघून इंजिनातल्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि ठिणगी पोचवणारा आतला रोटर काढून घेतला. तो माझ्या पर्समध्ये आहे. शेजारच्या ओस्मानीला धक्का मारायला बोलावलंस तरी गाडी सुरू व्हायची नाही. मी येईपर्यंत थांब, आणि कधी निघतोयस ते तोंडाने सांग.

शिकवलंस मात्र चांगलं.

ताई